साधा फ्रीज आणि फ्रॉस्ट-फ्री: फ्रीजरची निगा दोन्हींत सारखी नाही

डिसेंबर-जानेवारीत चोइथराम मंडीत मटार स्वस्त झाले की इंदूरच्या मराठी घरांमधून शेंगांचे ढीग सोलले जातात आणि पिशव्या फ्रीजरमध्ये जातात. त्याआधी, नोव्हेंबरात, फ्रीजर रिकामा करून धुवायला चांगला मोका असतो. पण आपला फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. एकाची रीत दुसऱ्याला लावली तर नुकसान ठरलेलं.

साधा, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रीज बहुधा एका दाराचा. त्यात फ्रीजरचा कप्पाच गार होणारा भाग असतो. त्याच्या पातळ पत्र्यातून गॅसच्या वाटा फिरतात. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली ओल थेट त्या पत्र्यावर गोठते. पावसाळ्यात तर थर बघता बघता वाढतो. तो अर्धा सेंटीमीटर झाला की वितळवायचाच, कारण बर्फाआड गारवा नीट पोचत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध आणखी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळला की आपोआप पुन्हा सुरू होतो. घाई असेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरी, उलथनं, पेचकस मात्र अजिबात नको! पत्र्याला बारीकसं भोक पडलं तरी गॅस जातो, आणि बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू असतो.

फ्रॉस्ट-फ्रीमध्येही बर्फ होतो, फक्त दिसत नाही. गार कॉइल मागच्या पॅनेलआड असते, पंखा तिची हवा कप्प्यात फिरवतो आणि हीटर ठरावीक वेळाने कॉइलवरचा बर्फ वितळवतो. ते पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि उडून जातं. त्यामुळे या फ्रीजरमध्ये बर्फाचा थर दिसला तर तो नुसता वितळवून भागत नाही. दाराचं रबर सैल असेल, पाण्याची नळी तुंबली असेल, नाहीतर हीटर किंवा सेन्सर गेला असेल. फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी जमत असेल तर आधी नळीचाच संशय घ्या. हीटरचं काम मात्र मेकॅनिकचं.

इथे हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. पिशव्या त्यांना टेकवून रचल्या की पंख्याची हवा अडते. शिवाय फिरती कोरडी हवा उघड्या पदार्थातली ओल ओढून घेते. मटार पांढरट, सुरकुतलेले होतात ते त्यामुळे. दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, लगेच गार पाण्यात घालून, पुरते कोरडे करून पिशवीतली हवा काढून टाकली तर ते चांगले राहतात.

मला विचाराल तर निगेला साधा फ्रीज सोपा. त्याचं दुखणं डोळ्यांसमोर असतं.

धुणं दोन्हींचं एकच. प्लग काढायचा, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून पुसायचं आणि सगळं कोरडं झाल्यावरच फ्रीज चालू करायचा. रबराच्या घड्यांत साचलेला काळा मळ जुन्या टूथब्रशने काढा. मग दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढला गेला तर त्या जागी रबर नीट बसत नाही.