आधी दिवा सुधारला, मग सूर्य परवडला

चौकातल्या सिग्नलच्या खांबावर सौरपॅनेल दिसले, की कौतुक सहसा त्या पॅनेलच्याच वाट्याला येते. ऊन फुकट, बिलाची कटकट नाही आणि वीज गेली तरी सिग्नल चालू, असा हिशेब लगेच मांडला जातो. हिशेब चुकीचा नाही. पण ही यंत्रणा शक्य झाली ती मुख्यतः खालच्या दिव्यामुळे. तारेच्या बल्बच्या जागी एलईडी येऊन सिग्नलचा दिवा शंभर वॉटवरून दहा-बारा वॉटवर उतरला नसता, तर त्याच खांबावर आजचे उत्तमातले उत्तम पॅनेल बसवूनही तो रात्रभर पेटता ठेवता आला नसता.

रस्त्यावरच्या सिग्नलची सुरुवात गॅसच्या दिव्यांनी झाली. रेल्वेच्या सिग्नलांचा अनुभव असलेले अभियंते जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेतून डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या इमारतीजवळ असा पहिला खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात वर-खाली होत आणि रात्री लाल व हिरवा दिवा दिसे. महिनाभरातच गॅसगळतीमुळे त्याचा स्फोट झाला, तो हाताळणारा पोलीस जखमी झाला आणि हा प्रयोग गुंडाळला गेला. विजेचे सिग्नल आले ते १९१४ मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात. त्यानंतरची जवळजवळ ऐंशी वर्षे जगभरच्या सिग्नलांची मूळ रचना एकच राहिली: पाठीमागे चकचकीत परावर्तक, मध्ये तारेचा बल्ब आणि पुढे रंगीत काच.

ही रचना सोपी होती, टिकाऊ होती आणि विलक्षण उधळी होती. तारेच्या बल्बला दिलेल्या विजेतील शंभरातले जेमतेम पाच भाग दृश्य प्रकाशात उतरतात. बाकीची सगळी उष्णता होऊन जाते. जो प्रकाश मिळतो तो पांढरट पिवळा असतो, म्हणजे त्यात सर्व रंग मिसळलेले असतात. लाल काच त्यात लाल रंग भरत नाही, ती उरलेले रंग शोषून घेते, आणि बल्बच्या उजेडाचा पाचवा हिस्सादेखील त्या काचेतून बाहेर पडत नाही. शंभर वॉट खर्चून वाहनचालकाच्या डोळ्यांच्या दिशेने जेमतेम वॉटभर लाल प्रकाश निघत असे. घरात किंवा दुकानात पांढरा उजेड हवा असल्यामुळे बल्बचा हा दुसरा तोटा तिथे जाणवत नव्हता; सिग्नलमध्ये मात्र तोटा दुहेरी होता. म्हणूनच एलईडी घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी चौकांत पोहोचली. जो रंग हवा तोच थेट निर्माण करणारा दिवा तिथे सर्वांत जास्त फायद्याचा ठरणार होता.

एलईडीमध्ये दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा (सेमीकंडक्टर) सांधा असतो. एका बाजूस इलेक्ट्रॉन मुबलक असतात आणि दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. सांध्यातून योग्य दिशेने प्रवाह सोडला, की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या रिकाम्या जागेत पडतो आणि त्या दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडतो. हा फरक सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अतिसूक्ष्म ऊर्जा मोजण्याचे एकक) असेल तर प्रकाश लाल दिसतो आणि पावणेतीनच्या आसपास असेल तर निळा. अर्धवाहक कोणता, यावर रंग ठरतो. वेगळी काच लावावी लागत नाही.

स्फटिकातून असा प्रकाश निघताना १९०७ मध्ये इंग्लिश अभियंते हेन्री राउंड यांना दिसला होता, आणि रशियात ओलेग लोसेव यांनी १९२०च्या दशकात त्याचा चिकाटीने अभ्यास केला. लोसेव १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात मरण पावले आणि त्यांचे काम दीर्घकाळ विस्मृतीत गेले. व्यवहारात वापरता येईल अशी लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार केली. त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये पिवळी एलईडी बनवली. हे दिवे रेडिओवर आणि घड्याळांत शोभून दिसले, तरी भर दुपारच्या उन्हात शंभर मीटरवरून दिसण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. १९९०च्या सुमारास ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणापासून लाल व पिवळ्या रंगांच्या कितीतरी प्रखर एलईडी बनू लागल्या, तेव्हा सिग्नलचे दार उघडले.

हिरव्याला अजून थोडा वेळ होता. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये गॅलियम नायट्राइडवर आधारलेली प्रखर निळी एलईडी सादर केली. याच पदार्थात इंडियमचे प्रमाण वाढवत नेले, की प्रकाशाचा रंग निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, आणि त्यातून काही वर्षांतच सिग्नलला पुरेल इतका हिरवा प्रकाश हाती आला. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी चर्चा घरातल्या पांढऱ्या दिव्यांचीच जास्त झाली, पण चौकातला हिरवा दिवाही याच संशोधनाची देणगी आहे.

हा हिरवा रंग नीट निरखून पाहिला तर पानाच्या हिरव्यासारखा नसतो, किंचित निळसर असतो. त्याची तरंगलांबी साधारणपणे पाचशे नॅनोमीटरच्या थोडी पुढे ठेवतात. त्यामागे एक मानवी कारण आहे. पुरुषांमध्ये सुमारे आठ टक्क्यांपर्यंत आढळणाऱ्या लाल-हिरव्या रंगांधत्वात शुद्ध हिरवा आणि लाल यांची गल्लत होते. हिरव्यात निळ्याची छटा आली की हा फरक ओळखणे सोपे जाते. रंगीत काचेच्या जमान्यातही हिरवी काच निळसर ठेवण्याची काळजी घेतली जात असे, पण बल्बच्या प्रकाशात निळा भाग मुळातच तुटपुंजा असल्याने त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागे. एलईडीने हे काम जवळजवळ विनासायास केले.

अनेक शहरांनी बदल करताना आधी लाल दिवे बदलले, मग हिरवे आणि सर्वांत शेवटी पिवळे. लाल एलईडी आधी तयार झाली हे त्याचे एक कारण, आणि चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजूचा लाल दिवाच सर्वांत जास्त वेळ पेटलेला असतो हे दुसरे. पिवळा दर फेरीत जेमतेम तीन-चार सेकंद लागतो; त्यातली बचत वसूल व्हायला वर्षे लागली असती. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्याने सिग्नलच्या दिव्यांवर वीजवापराची अशी मर्यादा घातली, की १ जानेवारी २००६ पासून तिथे तारेच्या बल्बचे नवे सिग्नल बनवणे व्यवहारात थांबलेच.

बल्ब काढून एलईडी बसवली आणि काम झाले, असे मात्र घडले नाही. जुन्या नियंत्रक पेटीची सगळी समज बल्बवर बेतलेली होती. तारेतून पुरेसा प्रवाह जात नसेल तर बल्ब उडाला, असे ती पेटी समजत असे. एलईडीचा प्रवाह इतका कमी, की चांगला दिवाही तिला उडालेला वाटू लागला. उलट, बंद अवस्थेतही इलेक्ट्रॉनिक स्विचमधून झिरपणारा किंचित प्रवाह बल्बला जाणवतदेखील नव्हता, पण एलईडीला मंद पेटते ठेवायला तो पुरेसा होता. बटण बंद केल्यावरही घरातला एखादा एलईडी बल्ब अंधारात मंद चमकत राहतो, त्यामागे बहुधा असाच प्रकार असतो. घरात ती गंमत आहे. चौकात लालबरोबर हिरवाही मंद दिसणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे दिव्यांसोबत नियंत्रकही बदलावे किंवा सुधारावे लागले.

बर्फाळ प्रदेशांत आणखी एक अडचण निघाली. बल्बची वाया जाणारी उष्णता काचेवरचे बर्फ वितळवत असे. एलईडीची काच थंड राहू लागल्यावर हिमवादळात संपूर्ण सिग्नल बर्फाखाली झाकला जाऊ लागला. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. एलईडी तापली की तिचा प्रकाश घटतो, आणि लाल व पिवळ्या रंगांत ही घट विशेष असते. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात बंद डबीतल्या लाल दिव्याची उष्णता बाहेर काढणे, हा दिव्याच्या रचनेतला महत्त्वाचा भाग ठरतो.

याउलट एक जुने दुखणे एलईडीमुळे बरेच कमी झाले. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन बल्बमागच्या परावर्तकावर पडून रंगीत काचेतून परत येई आणि बंद दिवा पेटल्यासारखा भासे. एलईडीच्या डबीत तसा परावर्तक लागतच नाही, कारण तिचा प्रकाश मुळातच एका दिशेने निघतो. सुरुवातीच्या सिग्नलांत शेकडो छोट्या एलईडींचे ठिपके वेगवेगळे दिसत. आता मोजक्या शक्तिशाली एलईडी आणि पुढचे भिंग यांच्या मदतीने संपूर्ण गोल एकसारखा उजळतो.

आता पॅनेलकडे वळू. पॅनेल ज्यांचे बनते तो सौरघट हा तत्त्वतः एलईडीचाच उलटा प्रयोग आहे. इथेही तसाच सांधा असतो. फरक इतकाच, की प्रकाशकण आत शिरतो, इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर ढकलतो आणि सांध्यातील विद्युत क्षेत्र त्याला बाहेरच्या तारेकडे वळवते. याचा पुरावा घरबसल्या मिळू शकतो. पारदर्शक आवरणाची साधी लाल एलईडी कडक उन्हात धरून तिच्या दोन्ही तारांना मल्टिमीटर जोडला, तर एक-दीड व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह मात्र इतका नगण्य असतो, की त्यावर काही चालवण्याची आशा धरू नये. सिलिकॉनची अंतर्गत रचना प्रकाश बाहेर टाकण्यास अनुकूल नाही म्हणून तो दिव्यासाठी निरुपयोगी ठरतो. प्रकाश शोषून घेण्याचे काम मात्र तो चोख करतो आणि स्वस्तही पडतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सादर केलेल्या सिलिकॉन घटाची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. आज बाजारातील चांगली पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे आहेत. सत्तर वर्षांत ही वाढ साडेतीन-चार पटींची झाली. सिग्नलच्या दिव्याची भूक त्याहून कमी काळात आठ-दहा पटींनी उतरली.

हा फरक आकड्यांत मांडून पाहू. चार रस्त्यांचा चौक आणि प्रत्येक बाजूस दोन सिग्नल धरले, तर कोणत्याही क्षणी आठ दिवे पेटलेले असतात. शंभर वॉटच्या बल्बांचे आठशे वॉट होतात आणि चोवीस तासांचे १९.२ युनिट. बारा वॉटच्या एलईडी लावल्या तर एकूण ९६ वॉट, म्हणजे दिवसाला सुमारे २.३ युनिट. महाराष्ट्रात एक किलोवॉटच्या पॅनेलमागे दिवसाला पाच युनिटांचे ऊन धरले आणि उष्णता, धूळ, बॅटरी व तारा यांतील घट वजा केली, तर साडेतीन युनिट हाती राहतात. बल्बसाठी साडेपाच किलोवॉट, म्हणजे पाचशे वॉटची अकरा पॅनेल लागली असती. ती खांबावर मावत नाहीत, त्यांना छप्परच हवे. एलईडीला एरवी दोन पुरतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येऊ शकते, हे लक्षात घेतले तर तीन. सलग तीन दिवस ऊन पडले नाही तरी सिग्नल चालावा, यासाठी साडेआठ युनिटांच्या आसपास साठवणाऱ्या बॅटरीची सोय करावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो.

पॅनेल बसवताना होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे सावलीकडे दुर्लक्ष. पॅनेलमधील घट एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून एका घटावर खांबाची किंवा फांदीची सावली पडली तरी त्या रांगेतल्या सगळ्याच घटांची अडवणूक होते. अशा वेळी प्रवाहाला बाजूने वाट देणारे डायोड पॅनेलच्या मागील डबीत बसवलेले असतात, पण ते नुकसान मर्यादित करतात, टाळत नाहीत. उड्डाणपुलाच्या कडेला किंवा गुलमोहराखाली उभ्या केलेल्या सौर खांबाचे भवितव्य त्यामुळे पहिल्या दिवशीच सांगता येते.

सौर पथदिव्यांनाही हेच गणित लागू पडते. निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रकाशाचे प्रस्फुरक द्रव्य चढवून पांढरा प्रकाश मिळवण्याची युक्ती १९९६ मध्ये बाजारात आली, आणि त्यानंतर काही वर्षांतच कॅनडातील अभियंते डेव्ह अर्व्हाइन-हॅलिडे यांनी नेपाळच्या खेड्यांत वॉटभर विजेवर चालणारे दिवे नेले. आजच्या सौर पथदिव्यात अंधार पडल्याचे ओळखण्यासाठी बहुतेक वेळा वेगळा संवेदक बसवतच नाहीत. पॅनेलचा विद्युतदाब ठरावीक पातळीखाली उतरला की संध्याकाळ झाली, असे नियंत्रक समजतो; मध्यरात्रीनंतर वर्दळ कमी झाली, की तोच दिवा मंद करून बॅटरी पहाटेपर्यंत पुरवतो.

सौरऊर्जेचा खरा उपयोग होतो तो वळणावरच्या, शाळेसमोरच्या किंवा घाटाच्या तोंडाशी असलेल्या पिवळ्या ब्लिंकरमध्ये. सहा वॉटचा दिवा अर्धा वेळ बंद असतो, म्हणजे सरासरी तीन वॉट. दिवसाला ७२ वॉट-तास. पावसाळ्याची तजवीज धरूनही त्याला चाळीस वॉटचे पॅनेल पुरते, आणि जिथवर वीजवाहिनी नेण्याचा खर्च दिव्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल, तिथे तो एका दिवसात उभा राहतो. शहरातल्या चौकात परिस्थिती वेगळी आहे. वाहिनी खांबापर्यंत आलेलीच असते, ऊन इमारतींनी अडवलेले असते आणि जोखीम असते ती वीज अचानक जाण्याची. तिथे, माझ्या मते, पॅनेलपेक्षा बॅटरीचा विचार आधी व्हायला हवा. घरगुती इन्व्हर्टरला लागते तशी बारा व्होल्ट, दीडशे ॲम्पिअर-तासांची एक बॅटरी ऐंशी टक्के वापरली, तर हिशेबाने ९६ वॉटचा चौक पंधरा तास चालतो. आठशे वॉटच्या बल्बांना तीच बॅटरी दोन तासही पुरली नसती.