धरणकाठच्या उन्हाळी सहली (विदर्भ)

एप्रिलपासून मृगाच्या पावसापर्यंत नागपुरातली कुटुंबे सकाळी निघून रात्री घरी परतायच्या बेताने आसपासच्या खेड्यापाड्यांतल्या जलाशयांवर आणि नदीकाठी जातात. डब्बा पार्टीचाच, म्हणजे मोकळ्यावर जाऊन जेवायच्या सहलीचाच, हा उन्हाळी प्रकार. विदर्भाला समुद्र नाही, आणि ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबईचा किनारा एका दिवसात पाहून येण्याजोगा नाही. त्यामुळे पाण्यात पाय बुडवायची हौस धरणाच्या काठावर भागते.

गंमत अशी, की लोक येतात तेव्हाच पाणी सर्वांत कमी असते. सिंचन आणि बाष्पीभवनाने जलाशय आटतो, काठ मागे सरतो आणि चालायला जागा होते. उघड्या पडलेल्या गाळावर गावकरी गाळपेर, म्हणजे ओलीवरची पेरणी, करतात, तर नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या डांगरवाड्या लागतात. वाडीवरच घेतलेले टरबूज शहरातल्या टरबुजापेक्षा गोड लागते, असे जाणारा प्रत्येकजण सांगतो. त्यात भुकेचाही वाटा असावा.

रामटेकजवळचा खिंडसी तलाव नागपूरहून सुमारे ५० किमीवर आहे. उन्हं चढण्याआधी गडमंदिर, मग कालिदास स्मारक आणि शेवटी नावेतून फेरी, असा तिथला क्रम. पवनारला धाम नदीच्या खडकाळ पात्राशेजारी विनोबांचा आश्रम आहे. तिथे दंगा कमी होतो. नवेगावबांध लांब पडतो, तिकडे मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडचे लोक जातात.

अंभोऱ्याची गोष्ट वेगळी. वैनगंगेला इथे कन्हान, आंब यांसह इतर नद्या मिळतात आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, अशी परंपरा आहे. मराठवाड्यातल्या अंबाजोगाईचाही तोच दावा आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाचे पाणी मागे फुगत इथवर आले आणि संगमाचे रूप पालटले. जुने काठ गेले, गावे उठली. आता गर्दी होते ती अथांग पाणी आणि त्यावरचा केबलचा पूल पाहायला. पर्यटनाच्या जाहिरातीत पूल असतो, उठलेली गावे नसतात.

सहलीचे वेळापत्रक ऊन ठरवते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना अकरा ते चार सावली सोडता येत नाही. मे अखेरीच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, नवतपात, तर मोठी माणसे निघूच देत नाहीत. दुपट्टा डोक्याला, कांदा खिशात. दुपार आमराईत जाते: गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे म्हणजे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, कैरीचे पन्हे. रोडगे भाजणे हे बहुधा पुरुषांचे काम, आणि त्यावर सल्ले देणे उरलेल्या सगळ्यांचे.

धोका आटलेल्या पाण्यातच असतो. वरून वाळलेला गाळ पाय पडताच खचतो, आणि वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. पोहण्यास मनाईचे फलक असूनही दर उन्हाळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात. कुठे उतरायचे, हे काठावरच्या ढीवरांना, म्हणजे मासेमारांना, विचारावे.