पुठ्ठ्याची चिमणी अडते कुठे?

काडी फिरवली की वर-खाली होणारी चिमणी बनवू या. कुरिअरचा रिकामा खोका घ्या आणि उघडी बाजू समोर येईल असा आडवा ठेवा. डाव्या-उजव्या भिंतींना समोरासमोर भोकं पाडून त्यांतून बांबूची काडी घाला. हा झाला आस. त्यावर पुठ्ठ्याची ६ सेंटिमीटर व्यासाची चकती पक्की चिकटवा; मात्र तिचं भोक मध्यापासून १ सेंटिमीटर बाजूला हवं. खोक्याच्या छतातून दुसरी काडी उभी सोडा. तिच्या खालच्या टोकाला आडवी चकती, जी पहिल्या चकतीच्या कडेवर टेकेल; वरच्या टोकाला कागदाची चिमणी.

भोक सरकलेली ती चकती म्हणजे कॅम. तिची कड आसापासून एका बाजूला ४ सेंटिमीटरवर, तर दुसऱ्या बाजूला २. म्हणजे चिमणी २ सेंटिमीटर उचलली जाणार. मुलांकडून हा हिशेब आधी करून घ्यावा, आस नंतर फिरवावा. हात एकसारखा फिरला तरी चिमणी वर आणि खाली टोकाला रेंगाळते, मधला पल्ला मात्र झरकन कापते. झोपाळ्यासारखीच.

आमची चिमणी पहिल्या दिवशी अर्ध्यावरच अडली. भाची म्हणाली, "मामा, छताचं भोक लहान पडलंय." मोठं केलं, तर जास्तच अडायला लागली! कारण कॅम वर ढकलतो खरा, पण नेमका काडीच्या खालून नाही. त्याचा टेकू फिरता फिरता १ सेंटिमीटर डावीकडे, १ सेंटिमीटर उजवीकडे सरकतो. त्यामुळे काडी कलते आणि पुठ्ठ्याच्या पातळ भोकात तिरकी रुतते. भोक जितकं सैल, तितकी ती कलणार. टेबलाचा रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला की अडतो, तसंच हे. छतात स्ट्रॉचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा उभा चिकटवला, त्यातून काडी सोडली आणि काम झालं.

चकत्या दुमडत असतील तर पुठ्ठ्याच्या पोटात बघा: पन्हाळी पत्र्यासारखा नागमोडी कागद दिसेल. दोन चकत्या पन्हाळ्या काटकोनात येतील अशा चिकटवायच्या. (फेव्हिकॉल वाळेपर्यंत धीर धरणं, हाच सगळ्यात अवघड भाग.)

मग कॅमचा आकार बदलून पाहा. गोगलगाईच्या शंखासारखा हळूहळू रुंदावत जाणारा आणि शेवटी एकदम पायरी असलेला कॅम कापा. चिमणीच्या जागी मुसळ लावलं, तर ते सावकाश उचललं जातं आणि धपकन उखळात पडतं. उलटं फिरवलं की पायरी आडवी येते आणि सगळं ठप्प.

मुसळ पडतं ते स्वतःच्या वजनानं. कॅम फक्त ढकलतो, खाली ओढत नाही. म्हणूनच हलकी चिमणी कधी कधी वरच राहते. तिच्या खालच्या चकतीवर एक रुपयाचं नाणं चिकटवलं की उतरते. मोटारीच्या इंजिनातल्या झडपाही कॅमच उघडतात, पण तिथे मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगापुढे नुसतं वजन पुरत नाही. झडप मागे आणायला स्प्रिंग बसवलेली असते.