कंपनीच्या अपघात विम्यात अपंगत्वाचा क्लेम नाकारला, तर दाद कुठे मागायची?

लोटे-परशुराम, महाड, रोहा इथल्या अनेक कंपन्या कामगारांचा समूह वैयक्तिक अपघात विमा काढतात. क्लेम फेटाळला की एचआरमधून 'रिजेक्ट झाला' एवढंच तोंडी कळतं आणि घरचे तिथेच थांबतात. थांबू नका. नकाराचं पत्र लेखी मागून घ्या. त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलंय, त्यालाच तुम्हाला उत्तर द्यायचं आहे. मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कामगारांची मिळून एकच मूळ पॉलिसी, तुमच्या कंपनीच्या नावावर असते, म्हणून तिची प्रतही एचआरकडे अर्ज करून मिळवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टक्केवारीचा. यूडीआयडी कार्डावर (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर) ४५ टक्के आहे म्हणून विम्याची ४५ टक्के रक्कम मिळतेच असं नाही. पॉलिसीत अवयवांचा वेगळा तक्ता असतो, तो आधी वाचा. समजा, परशुराम घाटात दुचाकी घसरून उजव्या हाताची पकड कायमची गेली. हात जागेवर आहे, म्हणून विमा कंपनी 'अवयव गमावलेला नाही' म्हणू शकते. अशा वेळी तक्त्यात 'वापर गमावणे' धरलंय का ते पाहा. धरलं असेल, तर ऑर्थोपेडिक सर्जनकडून 'हाताचा वापर कायमचा गेला, सुधारणा अपेक्षित नाही' असं स्पष्ट लिहून घ्या. 'फ्रॅक्चर, फॉलोअप चालू' एवढंच लिहिलेला कागद इथे तोकडा पडतो.

उशिरा कळवलं एवढंच कारण दिलं असेल, तर विमा नियामकाच्या २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाचा दाखला द्या. खरा क्लेम निव्वळ उशिरापायी फेटाळू नये, असं त्यात विमा कंपन्यांना सांगितलं आहे. पेशंटला मुंबईला हलवलं होतं, शुद्ध नव्हती, जे खरं कारण असेल ते डिस्चार्ज कार्डासह मांडा.

पहिला अर्ज विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. नकारपत्र, पॉलिसी, एफआयआर किंवा पंचनामा, उपचाराचे कागद, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, पगाराची स्लिप जोडा आणि पोच घ्या. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. समूह विम्याच्या तक्रारीही तिथे चालतात. मागणी ५० लाखांच्या आत हवी, तक्रार एका वर्षाच्या आत हवी आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात नसावं. फी नाही, वकीलही लागत नाही. मला हा मार्ग नोकरदारासाठी सर्वांत सोयीचा वाटतो, कारण निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथली मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून नकाराची तारीख फाईलवरच लिहून ठेवा. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. अलिबाग, रत्नागिरी, ओरोसला जिल्हा आयोग आहेत.

अपघात कामावर असताना झाला असेल, तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) लाभ किंवा कामगार नुकसानभरपाई हा वेगळा हक्क आहे. त्याचा अर्ज या क्लेमच्या निकालासाठी अडवून ठेवू नका.