पडवीतली लेथ आणि १२७ दातांचं गिअर

चवथीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की माशेल-कुंभारजुव्याकडे गाड्यांची रांग लागते. लोक येतात ते घरोघरचे हलते देखावे बघायला. कृष्णाचा पाय वर जातो, कालियाची फणी डोलते, पोरं आ वासून बघतात. आमच्यासारख्यांची नजर मात्र पडद्याखाली. तिथं ट्रकच्या वायपरची बारा व्होल्टची मोटार असते, सायकलची चेन असते, प्लायवूडचा कापलेला कॅम (म्हणजे वेड्यावाकड्या कडेची चकती) आणि त्याच्या कडेवरून फिरणारं एक बेअरिंग. ते बेअरिंग ज्या पिनवर बसलेलं असतं ती पिन कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. सळईला पायरी काढून, टोकाला आटे पाडून ती कुणीतरी केलेली असते, बहुधा कुणाच्या तरी पडवीतल्या छोट्या लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवून हत्यारानं कातायच्या यंत्रावर. नरकासुराचे हलणारे हात आणि शिगम्याचे चित्ररथ यांच्याही पोटात असंच काहीबाही सापडतं.

तसं बघितलं तर घरात लेथ असणं गोव्याला नवं नाही. कुंकळ्ळीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या लाकूड कातत आले आहेत, पलीकडे सावंतवाडीतही तेच काम चालतं. जुन्या रीतीत कातायच्या दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे. एकानं दोरी आलटून पालटून ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची. लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरायचं, म्हणजे हत्यार कापणार ते निम्माच वेळ. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घासून तापलेल्या जागी लाख वितळते आणि लाकडावर चढते. चौरंगाचे पाय आणि पाळण्याचे दांडे असेच झाले, राहत्या घरातच. दोरी ओढायला घरातलंच कुणीतरी बसायचं.

लोखंड कातणाऱ्या लेथचं घराणं वेगळं. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमारास आटे पाडायची लेथ नीट बसवली. हत्यार माणसाच्या हातातून काढून स्लाइडवर घट्ट बांधलं आणि ती स्लाइड लीडस्क्रूनं, म्हणजे लेथच्या लांबीभर असलेल्या आट्यांच्या दांड्यानं, सरकवली. त्याच शहरात होल्टझाफेल नावाचं घराणं हौशी श्रीमंतांसाठी लेथ बनवत होतं, त्यावर ते लोक हस्तिदंताच्या डब्या कातत बसत. पुढे हौस खालच्या थरांत उतरली. १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू झालं आणि १९४६ मध्ये मायफोर्ड कंपनीची एमएल-७ आली. साडेतीन इंच सेंटर हाइटची (बेडपासून फिरत्या मध्यापर्यंतची उंची) ही लेथ बागेतल्या खोपीत मावायची. तिच्यासाठी हौशी लोकांनी किती जोडण्या केल्या त्याला गणती नाही. पार्टिंगचं, म्हणजे तुकडा कापून वेगळा करायचं, हत्यार मागच्या बाजूला उलटं बसवायचा टूलपोस्ट हा त्यातला मला सगळ्यात शहाणा वाटतो. पुढून पार्टिंग मारताना हत्यार दबलं की कामात, म्हणजे कातायच्या तुकड्यात, आणखी घुसतं, थरथरतं, शेवटी तुटतं. मागून उलटं लावलं की दाबाखाली ते कामापासून लांब जातं, आणि चुरा आपोआप खाली पडतो.

हा इतिहास वाचायला मजा येते, पण तो आपला म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. तिथला माणूस इवलंसं वाफेचं इंजिन करायचं म्हणून लेथ घ्यायचा. आमच्याकडे ती आली पंपाचा शाफ्ट झिजला म्हणून, ट्रकची बुश मिळेना म्हणून.

आपल्या बाजूची गोष्ट बेळगावातून सुरू होते. मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर निघाली आणि लेथ बनवू लागली, १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी, म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, राजकोट आणि बाटाल्याच्या स्वस्त लेथ हे सगळं त्याच्या मागोमाग. गोव्यात पडवीत उभी असलेली लेथ बहुतेक वेळा राजकोटकडची असते. तिच्यावर मालकाचा विश्वास कमी आणि जीव जास्त.

गोव्याचा रस्ता मात्र १९६१ पर्यंत निराळा होता. पन्नासच्या दशकात इथलं लोहखनिज मांडवी-झुवारीतून बार्जवर चढून मुरगाव बंदरात यायचं आणि तिथून जपानला जायचं. १९५५ मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केली, घाटावरून येणारा माल अडला. खाणीवरची यंत्रं आणि ट्रक परदेशी, सुटा भाग हवा तर बोटीची वाट बघायची. १९५७ साली वास्कोत पोर्तुगिजांनी जहाजदुरुस्तीची गोदी काढली, तीच पुढे गोवा शिपयार्ड झाली. मुक्तीनंतर १९६६ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, वसाहती उभ्या राहिल्या, आयटीआयमधून फिटर-टर्नर बाहेर पडू लागले. उसगाव, साखळी, डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांची गॅरेजं झाली आणि बऱ्याच गॅरेजांच्या मागच्या शेडमध्ये एक लेथ.

या दोन रस्त्यांचं भांडण अजून लेथच्या डाव्या बाजूला, गिअरच्या डब्यात, बघायला मिळतं. पोर्तुगालनं मेट्रिक पद्धत १८५२ मध्येच घेतली होती. ब्रिटिश हिंदुस्थान इंचात होता आणि आपल्या जुन्या लेथ त्याच वळणाच्या. कित्येकींच्या लीडस्क्रूला एका इंचात चार आटे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिच (दोन आट्यांमधलं अंतर). अशा लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे कसे? इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५.४ ला पाचानं गुणलं की १२७. म्हणून १२७ दातांचं गिअर लागतं. ते लीडस्क्रूवर चढवा आणि हव्या त्या पिचला वीसनं गुणून तेवढ्या दातांचं गिअर वरच्या बाजूला, काम फिरवणाऱ्या स्पिंडलकडे, लावा. दीड मिलिमीटरसाठी ३०, सव्वासाठी २५. मधल्या गिअरनं हिशेब बदलत नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी गेज लावून तीनदा बघितलं.

पण १२७ ही मूळ संख्या, कुणानंच भागत नाही, म्हणून लहान गिअरांच्या जोडीनं तेच प्रमाण अचूक साधत नाही. शिवाय या जोडणीत हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा, उघडता येणारा नट) मध्येच उघडून चालत नाही, पुन्हा लावला की आटा चुकतो. प्रत्येक फेरीनंतर हत्यार बाहेर काढायचं आणि मोटार उलटी फिरवून हत्यार वाहणारी कॅरेज मागे आणायची. जुन्या लेथचा काम पकडणारा चक स्पिंडलवर आट्यांनीच बसवलेला असतो. मोटार झटक्यात उलटी सुरू झाली तर तो सुटून पायावर यायचा. म्हणून घरातल्या हौशी माणसानं अलीकडे केलेली सगळ्यात कामाची सुधारणा व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग सांभाळणारा डबा, म्हणावी लागेल. घरच्या सिंगल फेजवर तीन फेजची मोटार चालते (मोटारीतल्या तारांची स्टार जोडणी काढून डेल्टा जोडणी करून घ्यावी लागते), वेग हवा तसा बदलतो, आणि उलटी सुरुवात अगदी हळू होते.

१० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. मधे काही काळ सुरू होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजची नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. ट्रक दारात उभे राहिले, मग गॅरेजं मिटली. माझी लेथ अशाच एका शेडमधून आली. शेडच्या मालकानं ती भंगाराच्या भावापेक्षा थोडी वर दिली आणि टेम्पोत चढवताना तोंड फिरवून उभा राहिला. बेड, म्हणजे ज्यावर कॅरेज सरकते तो पाया, मधोमध झिजलेला, हत्यार आतबाहेर नेणाऱ्या क्रॉसस्लाइडला पाव फेरीचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूचा ढिलेपणा. बॅकलॅश नवा पितळी नट करून कमी झाला, बेडचं दुखणं तसंच आहे. पावसाळ्यात तर ती आजाऱ्यासारखी सांभाळावी लागते. मृगाच्या आधी ग्रीस फासायचं, वर जुनी चादर, आणि चादरीखाली चाळीस वॅटचा बल्ब रात्रभर. घरातून विजेच्या बिलावरून टोमणे येतात.

१२७ चं गिअर डब्यात नव्हतंच. राजकोटहून मागवलेलं आलं ते दुसऱ्याच मापाच्या दातांचं. स्वतः कापावं तर डिव्हायडिंग हेडच्या (वर्तुळाचे सारखे भाग पाडायच्या साधनाच्या) नेहमीच्या प्लेटवर १२७ भोकांची ओळ नसते. शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणाला, "काका, मॉड्यूल, म्हणजे दातांचं माप, सांगा, प्रिंट करून देतो." अकरा तासांत त्याच्या थ्रीडी प्रिंटरमधून काळं प्लास्टिकचं गिअर बाहेर पडलं. मूळ संख्या वगैरे त्या यंत्राच्या गावीही नाही. मला ते आठवडाभर टिकेल असंही वाटलं नव्हतं. आता तिसरी चवथ आली. यंदा त्याच गिअरवर कालियाच्या फणीसाठी चार पिना केल्या, एम-१० च्या आट्यांच्या. लोखंडी गिअरांची खडखड त्याला नाही, त्यामुळे बेअरिंग कुरकुरतंय हे पहिल्यांदाच ऐकू आलं. ते बदलायचं राहिलंय.