यूव्ही नळीतून कोण जातं, कोण सुटतं

टँग या समुद्री माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, की रीफ टँकवाल्यांची, म्हणजे घरी प्रवाळांचं मत्स्यालय ठेवणाऱ्यांची, यूव्ही स्टरिलायझरसाठी शोधाशोध सुरू होते. अतिनील किरणांनी पाण्यातले सूक्ष्म जीव निकामी करणारं हे यंत्र कामाचं आहे, पण ठिपक्यांवरचं औषध म्हणून घ्याल तर पदरी निराशाच येईल.

आत असतो पाऱ्याच्या वाफेचा दिवा, त्यावर क्वार्ट्झची नळी आणि तिच्या भोवतीने वाहणारं टँकचं पाणी. साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झ. किरणांची तरंगलांबी सुमारे 254 नॅनोमीटर, आणि डीएनए नेमका याच टप्प्यात अतिनील किरण भरपूर शोषतो. त्याच्या साखळीतले शेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना चिकटतात आणि तिथे डीएनएची नक्कल अडते. जीव जागीच मरतो असं नाही, पण त्याची वाढ थांबते.

मात्र त्यासाठी त्याला नळीपर्यंत यावं लागतं. ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, बहुतेक आयुष्य पाण्यात मोकळा नसतोच. आधी काही दिवस तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत राहतो. मग सुटून वाळूवर, खडकावर कवच करून बसतो, कधी कधी कित्येक आठवडे. कवचातून शेकडो पिल्लं निघतात, तीही बहुधा अंधारात, मासा त्याच खडकाच्या कपारीत झोपलेला असताना. मासा गाठायला त्यांच्याकडे एक-दोन दिवसच असतात. यूव्हीच्या तावडीत येते ती एवढीच अवस्था. पंप जोरात चालवला तर किरणांचा डोस कमी पडतो, हळू चालवला तर पिल्लं नळीआधी माशापाशी पोचतात. त्यामुळे परजीवींची संख्या घटते, रोग मुळासकट जात नाही. तो घालवणारं तांब्याचं औषध प्रवाळ आणि कोळंबीला मारक, म्हणून ते वेगळ्या टँकमध्येच द्यावं लागतं आणि मुख्य टँक दीड-दोन महिने तरी माशांविना ठेवावा लागतो. कंटाळवाणं आहे खरं, पण मार्ग खात्रीचा आहे.

डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशी जीवांच्या बाबतीत मात्र यूव्ही कमाल करू शकतो. त्यांतलं ऑस्ट्रिऑप्सिस दिवसा खडकांवर बुडबुड्यांचा चिकट तपकिरी थर धरतं आणि दिवे मालवल्यावर त्याच्या बऱ्याच पेशी पाण्यात सुटतात. यूव्हीचं पाणी संपमधून (गाळणीच्या वेगळ्या टाकीतून) न घेता थेट मुख्य टँकमधून घेतलं, तर रात्रीतून त्या नळीत सापडतात. त्यांतलंच अँफिडिनियम वाळूतच राहतं, त्याला या दिव्याचं सोयरसुतक नाही. तेव्हा खर्चाआधी थेंबभर पाणी स्वस्तातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं: थेंबाच्या आकाराची, टोकदार बाजूभोवती गोल फिरणारी पेशी दिसली तर ते बहुधा ऑस्ट्रिऑप्सिस.

उपयुक्त जिवाणूंची काळजी नको. अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः खडकांना आणि वाळूला चिकटून असतात.

दिवा निळा दिसतोय म्हणून तो काम करतोय असं मात्र धरू नका. वर्षभर सतत चालल्यावर निळा उजेड तसाच राहतो, अतिनील मारा मात्र ओसरलेला असतो. नळीवर चुन्याचा थर बसतो, तो पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. उघडण्याआधी वीज बंद करा. हे किरण डोळ्यांनाही सोडत नाहीत.