शेतातली माती विकायची किंवा भाजायची असेल तर: सातारा-सांगलीत माती तपासणी, पात्रता आणि परवान्याची कागदपत्रं

कृष्णाकाठच्या गावांतून अर्ज भरून घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "परवाना किती दिवसांत मिळंल?" मी आधी विचारतो, माती तपासून आणली का? बहुतेकांनी आणलेली नसते. माती कोणत्या जातीची आहे यावर अर्ज कुठल्या वाटेनं जाणार ते ठरतं, म्हणून तपासणी अर्जाच्या आधी करायची. वीटमाती निघाली तर काम बहुतेक तालुक्याला होतं. चिनी माती किंवा अग्निमाती (जास्त उष्णता सोसणारी माती) म्हणून अर्ज केला तर आराखडे, मंजुऱ्या, जिल्हा आणि त्याच्या वरची कार्यालयं, असं सगळं मागे लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मध्ये साधी माती गौण खनिजात आहे. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेनं केंद्रानं आणखी ३१ खनिजं गौण ठरवली, त्यांत चिनी माती, बॉल क्ले, अग्निमाती, गेरू, जांभा हे सगळं आलं. गौण खनिजाचे नियम राज्य करतं. आपल्याकडे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ लागू आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ आहेच. त्या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमिनीतलं खनिज सरकारचं. विनापरवाना उचललं तर बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जप्त होते.

आता आपल्या मातीविषयी. दोन्ही जिल्हे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेत. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, म्हणून त्याच्यापासून झालेली माती भाजली की लाल होते. कप-बश्या, संडासाची भांडी, पांढऱ्या फरश्या यांना लागणाऱ्या मातीत लोह ऑक्साइड साधारण एक टक्क्याच्या आत लागतं. आपल्या काळ्या रानात ते त्याच्या कितीतरी पट असतं. तेव्हा "आमच्या रानात चिनी माती आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी भाजलेला तुकडा मागतो. कच्च्या मातीच्या रंगावर काही ठरत नाही.

माण-आटपाडीकडची पांढरी घ्या. माळवदावर टाकतात ती माती, दिसायला फिकट म्हणून पुष्कळांना चिनी मातीचा भास होतो. तिचा फिकटपणा चुन्याचा आणि जुन्या वस्तीच्या राखेचा असतो. तिच्यावर पातळ आम्ल टाका, फसफसून येतं. अशा मातीची वीट भाजली की आतल्या चुनखडीच्या खड्यांचा कळीचा चुना होतो, पुढे पावसाची ओल लागली की तो फुगतो आणि विटेची कपची उडवतो. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या चोपण जमिनींची तऱ्हा वेगळी. पाणी जास्त दिल्यानं क्षार वर आलेले असतात, आणि तिथली वीट भिंतीत गेली की लोणा धरते. महाबळेश्वर-पाचगणीच्या सड्यांवर जांभ्याच्या खाली पांढुरकी, तांबूस ठिपक्यांची चिकणमाती सापडते, तिच्यात केओलिनचा, म्हणजे चिनी मातीतल्या मुख्य खनिजाचा, अंश असतो. पण तो भाग १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात. तिथल्या मातीचा अर्ज घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी भरून देत नाही. शिराळ्याच्या वरच्या अंगाला चांदोली, पाटणला कोयना, हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग. तिथं तर आधी वन विभागाला विचारा.

घरच्या घरी करायच्या चार गोष्टी आहेत, त्याला पैसे लागत नाहीत. वरची फूटभर पिकाची माती बाजूला काढा, खालची घ्या. एका सरळ काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, आणि जोरात हलवून ठेवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, दोन तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवसापर्यंत वर गढूळ राहते ती खरी चिकणमाती. पट्टीनं थर मोजले की अंदाज येतो. हातविटांच्या मार्गदर्शनासाठीच्या भारतीय मानक आयएस २११७ मध्ये चिकणमाती २० ते ३० टक्के, पोयटा २० ते ३५ आणि वाळू ३५ ते ५० टक्के असं प्रमाण दिलंय. निव्वळ काळ्या मातीत चिकणाचा भाग याच्या फार वर जातो.

दुसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते. माती मळून पट्टी थापा आणि ओली असतानाच तिच्यावर सुरीनं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सावलीत वाळवा, उन्हात नको. आठवड्यानं रेघ मोजा. ८.८ भरली तर वाळतानाच माती १२ टक्के आकसली, आणि भट्टीत आणखी आकसणार आहे. कराडजवळच्या एका नमुन्याची अशी पट्टी मी खिडकीत ठेवली होती. तिसऱ्या दिवशी कडा वर उचलल्या आणि मधोमध केसासारखी चीर पडली. त्या शेतकऱ्याला तीच पट्टी हातात दिली, आणि काळ्या मातीत भाजलेल्या विटांचा चुरा, उसाच्या चिपाडाची राख किंवा नदीचा पोयटा मिसळून पुन्हा करायला सांगितलं. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकण खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, त्याला हाच उतारा. तिसरी परीक्षा वळीची: पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा, न तुटता गुंडाळली तर चाकावर चालेल. चौथी आम्लाची, ती वर आलीच.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना लोक घाई करतात. रानाच्या एकाच कोपऱ्यातून घमेलं भरलं तर अहवाल त्या कोपऱ्याचाच येतो. चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या, प्रत्येक थर वेगळा ठेवा. एकाच थराची माती ताडपत्रीवर मिसळून ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि ५ ते १० किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. पिशवीवर गट नंबर, खोली आणि तारीख. स्वतःच्या गटात नमुन्यापुरतं खणताना तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) एक साधं पत्र देऊन पोच घ्यावी, असं माझं मत. गायरान आणि वनजमिनीत लेखी परवानगीशिवाय कुदळ लावू नका.

कृषी खात्याचा माती परीक्षण अहवाल इथं चालत नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू असतं. तुम्हाला हवं आहे ते वेगळं: आयएस २७२० प्रमाणे कणांचं प्रमाण आणि चिकटपणाच्या मर्यादा, एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रासायनिक घटक मोजण्याच्या) पद्धतीनं सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना यांचं प्रमाण, जमल्यास एक्सआरडी या दुसऱ्या क्ष-किरण पद्धतीनं खनिज ओळख, आणि वेगवेगळ्या तापमानाला भाजलेल्या पट्ट्यांचा रंग, आकसणं, पाणी शोषणं. आयएस २७२० च्या दोन चाचण्यांसाठी कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या स्थापत्य विभागात चौकशी करा. रासायनिक विश्लेषणासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विचारा. खरं सिरॅमिकचं मत हवं असेल तर कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे, आणि अहमदाबादजवळ नरोड्याला तिचं केंद्र. कुंभारकामासाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम संस्था बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आहे. हे विट्याशेजारचं आपलं खानापूर नव्हे, एकदा एक जण चुकून तिकडे जाऊन आलाय. साध्या विटेची वर्गवारी आयएस १०७७ मध्ये आहे: १२.५ या ताकदीच्या वर्गापर्यंत पाणी शोषण २० टक्क्यांच्या वर नको.

किती माती निघेल हे अर्जात ब्रासमध्ये लिहावं लागतं. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १ गुंठा १०८९ चौरस फूट, तेव्हा १० गुंठे ३ फूट खणलं तर ३२,६७० घनफूट, म्हणजे सुमारे ३२७ ब्रास. वरची पिकाची माती यात धरू नका, ती परत पसरायची आहे.

पात्रता आणि कागदपत्रं. जमिनीचा मालक किंवा मालकाच्या संमतीनं दुसरा कुणीही अर्ज करू शकतो. सातबारा आणि आठ-अ अलीकडचे, गटाचा नकाशा आणि त्यावर खणायची जागा रंगवून दाखवलेली, आधार, पॅन, ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव, आणि मातीचा अहवाल. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. माझ्या पाहण्यात निम्मे अर्ज इथंच अडकतात, एक भाऊ पुण्यात, बहीण सासरी, आणि सही कुणाचीच नाही. इतर हक्कात बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र घ्या. भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर त्याची वेगळी परवानगी आधी काढा, नाहीतर फाईल परत येते.

अर्ज महाखनिज पोर्टलवर भरायचा. ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी जागेचा पंचनामा करतात: नदी, कालवा, रस्ता, विहीर, विजेचे खांब किती लांब आहेत ते बघतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि पंचनामा वाचून मगच सही करा. तात्पुरता परवाना किती ब्राससाठी यावरून तहसीलदार, प्रांत की जिल्हाधिकारी हे ठरतं. मंजुरी आली की स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानची रक्कम चलनानं भरायची. त्यानंतर प्रत्येक खेपेला ऑनलाइन वाहतूक पास काढावा लागतो. पासवरची वेळ संपली की ट्रॉली विनापासच धरली जाते, म्हणून गाडी भरून झाल्यावरच पास काढा.

पारंपरिक कुंभारांना स्वामित्वधनात सवलत आहे. चालू आदेशातली ब्रासची मर्यादा तहसीलच्या गौण खनिज शाखेत बघून घ्या आणि कुंभार व्यवसायाचा पुरावा जोडा. शिवाय कुंभारांनी हातानं काढलेल्या साध्या मातीला, परंपरेप्रमाणे मडकी, पणत्या, खेळणी करण्यासाठी, केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही. जेसीबी लावला की ही सूट गेली. बाकीच्यांनी तात्पुरत्या परवान्याऐवजी लांब मुदतीचा उत्खननपट्टा मागितला तर अनुमोदित खाणकाम आराखडा आणि केंद्राच्या परिवेश पोर्टलवरून पर्यावरण मंजुरी लागते, तो मार्ग जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांशी बोलूनच धरावा. वीटभट्टीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी, ती माती परवान्यात धरलेली नसते.

तलावाचा गाळ म्हणाल तर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतला गाळ शेतात पसरण्यासाठी आहे. तो भट्टीवर न्यायचा असेल तर त्या योजनेत नाव घालू नका, वर सांगितलेल्या वाटेनं वेगळा अर्ज करा आणि अर्जात भट्टीसाठीच असं स्पष्ट लिहा.